सप्राणी स्थलांतर : ठाणे ते नागपूर

महाराष्ट्रातल्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा कायदा २००५ सालचा. बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, असे तो सांगतो. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, शाळेचे दाखले काढायला सवड मिळते, एकूण विचार चांगलाच आहे. फक्त कायद्याचा मसुदा करताना लॅब्रॅडॉरचे मत कोणी घेतले नाही. ठाण्याहून नागपूरला बदली झालेल्या घरात दोन मुले, एक लॅब्रॅडॉर, पावसात भिजताना उचलून आणलेला एक गावठी कुत्रा, दोन मांजरी, ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ती बजरीगरांची जोडी आणि माशांची टाकी असेल, तर हा सगळा लवाजमा ऐन वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या गावी न्यायचा असतो. पुढील सूचना अशा घरच्या कुटुंबप्रमुखासाठी आहेत. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

आधी इतर पर्यायांचा निकाल लावावा. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातला दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर लागते; ते जमले नाही तर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत होते. विमानात एअर इंडिया छोट्या प्राण्यांना केबिनमध्ये घेते, २०२२ च्या नोव्हेंबरपासून अकासाही घेऊ लागली. पण तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला छोटा प्राणी ठरवणारा अधिकारी अजून जन्मायचा आहे. माशांविषयी दोन्हीकडे विचारूच नये.

उरला रस्ता. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता दहा जिल्ह्यांतून सलग झाला. माणसे हे अंतर आठ तासांत कापतात आणि त्याबद्दल पुढे आठ महिने बोलतात. सप्राणी कुटुंबाने या स्पर्धेत उतरू नये.

कागदपत्रांपासून सुरुवात करावी. प्राण्यांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे नियम १९७८ सालचे आहेत आणि त्यांत कुत्र्यामांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणी प्रवासाला योग्य आहे, रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणे त्याच्यात नाहीत, असा पशुवैद्याचा दाखला सोबत हवा. दिवस भरत आलेल्या मादीला प्रवास घडवू नये. गाडी चालवणाऱ्या गृहस्थाने मात्र रात्री दोन वाजेपर्यंत खोकी बांधलेली असतात, आणि तो प्रवासाला योग्य आहे असा दाखला कोणीही मागत नाही. लसीकरणाची पुस्तके आणि हे दाखले एकाच फाइलमध्ये ठेवावेत. ती फाइल सामानाच्या ट्रकमध्ये जाणार नाही याची दक्षता घ्यावी. ती ट्रकमध्येच जाते, म्हणून सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत.

घरात मिठू असेल तर प्रश्न प्रवासाचा राहतच नाही. आपल्याकडच्या पोपटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तो ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतो हा बचाव टिकत नाही. त्याच्याबाबत वन विभागाशी बोलावे. बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्यांना ही अडचण नाही. त्यांच्या पिंजऱ्यातला झोका आणि पाण्याची वाटी काढावी, काकडीचा तुकडा अडकवावा, वरून सुती कापड टाकावे आणि एसीचा झोत त्यांच्या अंगावर येऊ देऊ नये. पक्ष्यांचे एवढ्यावर भागते. या संपूर्ण उपक्रमात तेच काय ते समजूतदार.

मांजरांची तयारी निदान तीन आठवडे आधी सुरू करावी, आणि त्यांना तसा संशय येऊ देऊ नये. जाळीच्या दाराची पेटी बाजारातून आणून थेट निघायच्या सकाळी पुढे ठेवली, तर मांजर चार पाय चार दिशांना ताणून पेटीच्या दारापेक्षा मोठे होते. भूमितीत याला उत्तर नाही. म्हणून पेटी दिवाणखान्यात उघडी टाकून ठेवावी, आत खाऊ ठेवावा आणि तिच्याकडे कुणाचेच लक्ष नाही असा अभिनय करावा. पेटीत मांजराची रोजची चादर घालावी आणि ती मुळीच धुऊ नये. मांजर गाल घासून वस्तूंवर आपला वास सोडते. परक्या ठिकाणी त्या वासाचाच काय तो आधार असतो. घरातल्या ज्येष्ठांनी चादरीच्या वासावर हरकत घेतली, तर ती नम्रपणे ऐकून घ्यावी आणि चादर तशीच ठेवावी. दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी पेट्या दोनच हव्यात. भेदरलेले मांजर समोर जे दिसेल त्याला ओरबाडते, नाते बघत नाही.

खरा धोका पॅकर्स-मूव्हर्सची माणसे येतात त्या दिवशी. उघडे खोके दिसले की मांजर त्यात बसणार, आणि खोके बंद करून चिकटपट्टी मारणाऱ्या माणसाला मजुरी खोक्यांची मिळते, आत डोकावण्याची नाही. त्या दिवशी मांजरांना पाणी, लिटरचा ट्रे आणि चादरीसह न्हाणीघरात कोंडावे, दारावर ‘उघडू नये’ असा ठळक कागद लावावा आणि कागदाशेजारी एक माणूस उभा करावा, कारण कागद वाचायला माणसे आधी दारच उघडतात. वॉशिंग मशीन, पलंगाचा कप्पा आणि कपाट बांधण्यापूर्वी मांजरींची शिरगणती करावी. ट्रकचे दार लागण्यापूर्वी पुन्हा करावी.

माशांना निघण्याआधी एक दिवस उपास घडवावा. पोट रिकामे असले की पिशवीतले पाणी कमी खराब होते. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा, वर थर्माकोलची पेटी. टाकी पूर्ण रिकामी करूनच न्यावी, पाण्यासकट उचललेल्या टाकीच्या काचेला जिन्यात तडा जातो. या कामात उत्साही माणूस हमखास जी चूक करतो ती म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून लख्ख करणे. माशांची विष्ठा कुजून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या मळकट स्पंजातच राहतात आणि नळाच्या क्लोरीनने मरतात. स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून न्यावा. सगळे खटाटोप करण्यापेक्षा मासे शेजाऱ्यांच्या मुलांना द्यावेत, असे प्रस्तुत मार्गदर्शकाचे स्पष्ट मत आहे.

निरोप द्यायला आलेले नातेवाईक हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्यापैकी एक जण ‘अर्धी गोळी द्या, झोपून जाईल’ असे सांगतो. माणसांची पॅरासिटामोलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गाडी लागू नये म्हणून द्यायचे औषध फक्त पशुवैद्याने सांगितलेले. दुसरे नातेवाईक डबा देतात. कुत्र्याला निघण्यापूर्वी तीन-चार तास जेवण द्यायचे नसते, हे त्यांना पटत नाही. डब्यातली कांदाभजी तर कधीच नाही, कांद्याने कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नाशिक जिल्ह्यातून जाताना कुणी द्राक्षे किंवा मनुका पुढे केल्या, तरी कुत्र्याची नजर चुकवून माणसांनीच खाव्यात. द्राक्षांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही वर्ज्य. ते मुलांच्या दप्तरात असते, दप्तर मागच्या सीटवर असते आणि लॅब्रॅडॉरही तिथेच असतो.

बैठकव्यवस्था अशी : मांजरींच्या पेट्या सीटबेल्टने आवळून, कुत्रे हार्नेस आणि बेल्टने बांधून, पुढच्या सीटवर कोणताही प्राणी नाही. सुटे मांजर भीतीने अंधारी जागा शोधते, आणि चालत्या गाडीतली सगळ्यात अंधारी जागा ब्रेकच्या खाली असते. कुत्र्याला खिडकीबाहेर डोके काढू देऊ नये. समृद्धीवर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि त्या वेगात डोळ्यात गेलेला खडा फार महाग पडतो. इतक्या सरळ रस्त्यावर चालकाला गुंगी येते म्हणून या महामार्गाचे नाव बरेच झाले आहे. मागे दोन मांजरी आलटून पालटून ओरडत असतील तर हा धोका संभवत नाही. कसाऱ्याच्या डोंगरातल्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यात हा आवाज विशेष खुलतो.

दर दोन-तीन तासांनी थांबावे, तेही नेमून दिलेल्या थांब्यावरच. कडेच्या पट्टीवर गाडी लावून कुत्र्याला फिरवणे म्हणजे त्याला आणि स्वतःला ट्रकपुढे उभे करणे. गाडीचे दार उघडण्याआधी पट्टा हातात असावा. थांब्यावर ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून प्राण्यांना बंद गाडीत ठेवणाऱ्यांसाठी अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेली एक मोजणी आहे : उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी बावीस अंशांनी चढते, त्यातला बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने काही फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. चहा पाळीपाळीने प्यावा.

पहाटे चारला निघून सगळे एका दिवसात उरकायचे ठरवले तर मुक्कामी पोचायची वेळ आणि नागपूरच्या उन्हाची ऐन वेळ एकच येते. छत्रपती संभाजीनगरला रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून ऊन चढण्याआधी पोचावे. हॉटेलात फोनवर ‘प्राणी चालतात का’ विचारले की ‘हो’ येते. आकडा सांगितला की पलीकडे शांतता पसरते. आकडा आधीच सांगावा. जेराल्ड डरेल यांच्या ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ या १९५६ च्या पुस्तकात कॉर्फू बेटाहून जनावरांसकट परतणाऱ्या कुटुंबाची नोंद स्विस सीमेवरचा अधिकारी फिरती सर्कस अशी करतो. आपल्या रिसेप्शनवरच्या रजिस्टरात तेवढाही रकाना नसतो.

नागपुरात पोचल्यावर मांजरींना एकाच खोलीत ठेवावे आणि खिडक्यांना जाळ्या लागेपर्यंत दुसरे दार उघडू नये. पुढचे दोन-तीन आठवडे तरी त्यांना घराबाहेर सोडू नये. कुत्रे कूलरसमोरची जागा स्वतःहून शोधतात, त्यांना मार्गदर्शन लागत नाही. सोसायटीने बंदीचा ठराव दाखवला तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे दाखवावीत : बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. घरमालकाला मात्र भाडेकराराआधीच कुत्र्यांची खरी संख्या सांगावी. गळ्यातल्या बिल्ल्यावर ठाण्याचा पत्ता असेल तर निघण्यापूर्वीच चालू मोबाइल क्रमांकाचा नवा बिल्ला करून घ्यावा, कारण कुत्रे बहुधा नव्या गावातल्या पहिल्या आठवड्यातच हरवतात. मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतला पत्ताही बदलावा. शेवटी महापालिकेत जाऊन कुत्र्यांची नोंदणी नव्याने करावी. ठाण्याचा परवाना नागपुरात चालत नाही.