मस्यू त्राँब्ले यांचा गोतावळा

मस्यू त्राँब्ले क्वेबेकमधल्या कुठल्याही गावात भेटतात. हे आडनाव तिकडे इतकं उदंड आहे की कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही, म्हणून तेच घेतो. नोकरीतून सुटल्यावर माणसं कुत्रा पाळतात. यांनी पूर्वज पाळले.

ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला ते तुमच्या आजीचं माहेर विचारतात. समोरचा तिकडचाच असला तर संपलंच. दहाव्या मिनिटाला तो त्यांचा चुलत नाहीतर मावसभाऊ निघतो. यात थाप नाही. फ्रान्सच्या पेर्श प्रांतातून आलेल्या प्येर त्राँब्लेने 1657 साली क्वेबेकात ओझान आशाँशी लग्न केलं. तिथले जवळजवळ झाडून सगळे त्राँब्ले त्या एका जोडप्याचे. पेर्शचाच सुतार झाकारी क्लुतिए. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी तो कुऱ्हाड काढायचा. मस्यू ती कुऱ्हाड कागदी रुमालावर काढून दाखवतात, दांड्यापासून सुरुवात करून. तोवर तुमचं सूप निवतं.

घराण्यात एखादा सरदार निघावा, ही त्यांची जुनी आस. निघतात शिपाई. 1665 साली इरोक्वा लोकांशी लढायला कारिन्याँ-सालिएर पलटण आली. त्यातले चारेकशे तिकडेच राहिले. पलटणीत टोपणनावांची चैन होती. साँसूसी म्हणजे बिनघोर, लाफ्लर म्हणजे फूल, त्राँशमाँतान्य म्हणजे डोंगर कापणारा. मस्यूंच्या आईकडच्या डोंगर कापणाऱ्याने जन्मभर गहू कापला. हे नाव आडनावापुढे 'ऊर्फ' म्हणून चिकटायचं. मग एका मुलाने आडनाव चालवलं, दुसऱ्याने ऊर्फ उचललं, की दोन पिढ्यांत भाऊबंद एकमेकांना परके! मस्यूंची निम्मी हयात त्यांचा समेट घडवण्यात गेली.

पोरांच्या नावांचं तर विचारूच नका. बाप्तिस्म्याला मुलगा असला तर जोझेफ, मुलगी असली तर मारी, मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि शेवटी कधीतरी हाक मारायचं. मूल दगावलं की पाठच्याला पुन्हा तेच नाव. त्यामुळे मस्यूंच्या वहीत एक जाँ-बातिस्त दुसऱ्या वर्षी वारला आणि चोविसाव्या वर्षी बोहल्यावर चढला. हा घोळ निस्तरायला पाद्री सिप्रियाँ ताँगे यांचा सात खंडांचा वंशकोश उशाशी असतो. त्यातल्या चुका काढणं हा मस्यूंचा संध्याकाळचा विरंगुळा. ताँगे 1902 सालीच वारले, तरी मस्यूंचा आवाज चढतो.

बायकांवर मात्र ते खूश. चर्चच्या दप्तरात बाई मरेपर्यंत माहेरच्या नावाने नांदते, म्हणून खापरपणजीसुद्धा हाती लागते. (लग्नात नावासकट बदलून गेलेल्या आपल्या पणज्या शोधून बघा कुणी!) 1981 पासून तर लग्नानंतरही जन्मनावच, असा क्वेबेकचा कायदाच आहे.

पण तोच कायदा घरात शिरला. सूनबाईंनी आपलं आडनाव ठेवलं आणि नातवाला दोन्ही जोडून लावली. नाव लिआम. पुढे जोझेफ नाही, धर्मपिता नाही, कारण बाप्तिस्माच नाही. मस्यू वंशवृक्षासमोर पेन्सिल चावत बसले. शेवटी लिआमच्या आधी बारीक अक्षरात, कंसात, त्यांनी 'जोझेफ' घातलंच.

"हा कोण?" सूनबाईंनी विचारलं.

"पुरावा शोधतोय," मस्यू म्हणाले.