व्हाया हबीबगंज

भोपाळात पत्ता विचारला की आकडा मिळतो. दस नंबर, छह नंबर, बारह सौ पचास, ग्यारह सौ क्वार्टर, चौहत्तर बंगले. १९५६ साली हे शहर राजधानी झालं आणि सरकारी वसाहती भराभर उठल्या. क्वार्टर मोजले गेले, बसचे थांबे मोजले गेले, आणि नाव ठेवायचं काम बहुधा पुढच्या अंदाजपत्रकावर ढकललं गेलं. पुण्याहून बदली होऊन आलेल्या माणसाला पहिले काही महिने आपण पत्ता लिहून घेतोय की भाडं, तेच कळत नाही. इथल्या प्रोग्रामरचा मात्र यात फायदा झाला. पोर्ट नंबर म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. बिलिंग ८०८१ वर राहतं, मालाचा साठा ८०८२ वर, ग्राहकांची माहिती ८०८३ वर. ८०८५ वर कोण राहतं हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, पण दिवा लागलेला दिसतो.

आमची कचेरी हबीबगंज नाक्याजवळ आहे, आणि ही सगळी आकड्यांची वस्ती आमचीच. आमच्या मोबाइल अ‍ॅपला ती तोंडपाठ असावी लागायची. बिल हवं तर एकीकडे जा, माल शिल्लक आहे का ते विचारायला दुसरीकडे जा. मग बिलिंगने घर बदललं, म्हणजे ते दुसऱ्या मशीनवर हलवलं, की अ‍ॅपला नवा पत्ता कळवायचा. कळवायचा म्हणजे अ‍ॅपची नवी आवृत्ती काढायची आणि लोकांना ‘अपडेट करा’ म्हणून विनवायचं. लोक त्यावर ‘नंतर’ हे बटण दाबतात. कित्येकांनी ते गेल्या दिवाळीत दाबलं होतं आणि ‘नंतर’ अजून यायचं आहे.

म्हणून एपीआय गेटवे बसवायचं ठरलं. ‘थोडंसंच काम आहे,’ असं सांगून ते माझ्याकडे आलं. कल्पना खरोखरच साधी आहे. सगळ्यांनी एकाच दाराशी यायचं. दारावरचा प्रोग्राम रिक्वेस्ट बघणार, ओळख तपासणार आणि ती आत योग्य सर्व्हिसकडे पाठवणार. आतलं कोण कुठे राहतं हे बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. यासाठी तयार सामान भरपूर मिळतं. इगोर सिसोयेव्ह यांनी २००४ साली लोकांपुढे ठेवलेलं एंजिनएक्स आहे, नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये खुलं केलेलं झूल आहे. २०१५ मध्ये काँग आलं आणि त्याच वर्षी अ‍ॅमेझॉननेही आपलं दुकान मांडलं. आम्ही एंजिनएक्स घेतलं. ते फुकट आहे, हे कारण बैठकीत सर्वांत शेवटी सांगितलं गेलं आणि सर्वांत आधी पटलं.

या कामाचा नमुना बघायला मला लांब जावं लागलं नाही. हबीबगंज स्टेशन जवळच आहे. खाजगी भागीदारीतून नव्याने बांधलेलं हे देशातलं पहिलं मोठं स्टेशन. १५ नोव्हेंबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. काचा, सरकते जिने, चकचकीत फरशी या गोष्टींचं कौतुक पाहुण्यांनी करावं, मला त्यातली विचारपूर्वक केलेली वाहतूक आवडते. गाडी पकडायला आलेला माणूस आधी वर जातो. पाचही फलाटांच्या डोक्यावर प्रशस्त बैठक आहे. तिथे तो बसतो आणि गाडी लागली की जिन्याने नेमक्या आपल्याच फलाटावर उतरतो. गाडीतून आलेला माणूस जमिनीखालच्या भुयारी वाटेने बाहेर पडतो. जाणारे वरून, येणारे खालून. एकाच जिन्यावर एक कुटुंब ट्रंक घेऊन चढतंय, दुसरं लोणच्याची बरणी सांभाळत उतरतंय, आणि मधल्या पायरीवर दोन्ही कुटुंबांचे ज्येष्ठ ‘आधी तुम्ही’ न म्हणता उभे आहेत, हे आपल्या रेल्वेचं पारंपरिक दृश्य इथे मुद्दाम घडवून आणावं लागेल. वर बसलेल्या प्रवाशाला पाच फलाटांची भानगड माहीत असावी लागत नाही. फळ्यावर आकडा येतो, तो उतरतो. फलाट बदलला तर फळा बदलतो. गेटवेची दोनशे पानी माहितीपुस्तिका वाचून मला जे कळलं ते एवढंच होतं.

सांगणं सोपं, लिहिणं मात्र एका तिरप्या रेघेपाशी अडतं. एंजिनएक्सला आपण सांगतो, की ‘बिलिंग’ने सुरू होणारे पत्ते अमुक ठिकाणी पाठव. त्या ठिकाणाच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ दिली, तर दाराशी जुळलेला ‘बिलिंग’ हा भाग गळून पडतो आणि आतल्या सर्व्हिसला फक्त उरलेला पत्ता कळतो. रेघ दिली नाही, तर अख्खा पत्ता जसाच्या तसा आत जातो. रेघ एकच आणि पोट फुगेपर्यंत अर्थ. तिच्यावरून कचेऱ्या-कचेऱ्यांत जेवणाच्या सुट्ट्या खर्ची पडल्या आहेत. जगातली बुद्धिमान माणसं ‘पण शेवटी स्लॅश आहे का बघ ना’ असं एकमेकांना सांगत असतात, आणि दहांतून आठ वेळा दुखणं तिथेच असतं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून एवढी भांडणं होतात, पण ‘पाणि’ लिहिलं म्हणून नळ बंद पडत नाही.

ओळख तपासण्याचं फार सांगण्यासारखं नाही. टोकन असेल तर आत, नसेल तर ४०१. टोकन खरं आहे पण ती खोली तुमच्यासाठी नाही, तर ४०३. फलाट तिकिटावर वातानुकूलित डब्यात बसू देत नाहीत, तसंच.

गर्दीचं मात्र निराळं आहे. सकाळी दहाला वातानुकूलित वर्गाचं तत्काळ सुरू होतं, अकराला बाकीचं, आणि त्या क्षणी देशभरची बोटं एकाच बटणावर पडतात. हे ज्याने एकदा अनुभवलं त्याला दरमर्यादा म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. एकाने सेकंदाला किती वेळा विचारावं, याला दारातच आवर घालावा लागतो. मर्यादा ओलांडणाऱ्याला द्यायला ४२९ हा खास आकडा २०१२ पासून आहे. ‘फार वेळा विचारताय’ असा त्याचा भाव. पण एंजिनएक्स न सांगता ५०३ देतं, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. ४२९ हवा तर एक ओळ जास्त लिहावी लागते. ती ओळ मी लिहिली. ‘दुकान बंद आहे’ आणि ‘तुम्ही आज चौथ्यांदा आलात’ यांत फरक आहे आणि गिऱ्हाइकाला खरं ते कळावं. आणि दाराची कोंडी केली की आतल्याचं काय होतं, हे मराठी माणसाला भोपाळात बसून तरी दुसऱ्याने सांगू नये. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामाला याच शहराच्या तटात कोंडलं आणि रसद तोडली. तटाला खिंडार पाडण्याची गरज पडली नाही. ना धान्य आत, ना निरोप बाहेर. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह झाला. सेवाबंदीचा हल्ला यालाच म्हणतात. संगणकाच्या पुस्तकांत त्याचं श्रेय भलत्याच लोकांना दिलेलं असतं.

गेटवे सुरू झाला आणि एक गोष्ट ध्यानात आली. दारावरच्याला आतलं काही येत नसतं, पण बोलणी त्यालाच बसतात. बिलिंगची सर्व्हिस झोपली तर पडद्यावर उमटतं ‘५०२ बॅड गेटवे’. आता आतून धड उत्तर आलं नाही, एवढंच गेटवे बिचारा सांगतोय. वाईट तो नाही, वाईट आतला. पण हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांनी निरोप्याचंच नाव आरोपीच्या जागी लिहून ठेवलं. आतला उत्तरच देत नसेल तर गेटवे ठराविक वेळ थांबतो, एंजिनएक्समध्ये ती न सांगता साठ सेकंद असते, आणि मग ५०४ म्हणतो. त्यातही नाव गेटवेचंच. मग फोन येतो, ‘तुमचा गेटवे परत बिघडला.’ इटारसीला खोळंबलेल्या गाडीबद्दल पूछताछच्या खिडकीतल्या माणसाला लोक जे ऐकवतात, ते मी पूर्वी नुसतं ऐकायचो. हल्ली त्या माणसाशी माझं नातं लागतं.

या बोलण्यांना कंटाळून दारावरच्याला शहाणं करण्याचा मोह होतो. एवीतेवी सगळं इथूनच जातंय, तर बिलातली सूटही इथेच मोजू, ग्राहकाचं नावही इथेच नीट करू. आमच्याकडेही ही सूचना आली आणि मी तिला विरोध केला. थॉटवर्क्स ही कंपनी तंत्रज्ञानाचा एक ‘रडार’ काढते. त्यात तिने अति महत्त्वाकांक्षी गेटवेंना २०१५ मध्येच ‘जरा थांबा’च्या खान्यात टाकलं होतं, तो दाखला मी बैठकीत फडकावला. दारावरच्याने आतली कामं करायला घेतली की थोड्या दिवसांनी आत कोण आणि दारात कोण याचा पत्ता लागत नाही, आणि सूट बदलायची तर अख्खं दार खोलावं लागतं. त्याने अडाणीच असावं. कुणाला काय येतं एवढं त्याला ठाऊक असलं की पुष्कळ झालं.

खरा खल झाला तो जुन्या पत्त्यांवर. तोवर ज्यांना ‘व्ही वन’ म्हणून पत्ते दिले होते, त्यांची सोय नव्या दारात ठेवायची की नाही? इथे मला पुन्हा स्टेशनाकडेच बघावं लागलं. उद्घाटनाबरोबर हबीबगंजचं नावही बदललं. अठराव्या शतकातल्या गोंड राणी कमलापती यांचं नाव आलं. एचबीजे हा स्टेशनाचा कोड जाऊन आरकेएमपी झाला. पाट्या बदलल्या, तिकिटं बदलली. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला जाणारी वंदे भारत सुरू झाली, ती राणी कमलापती या नावानेच. पण भोपाळकराच्या तोंडून अजून हबीबगंजच निघतं, त्याचा हेतू काही नसतो, जीभ वळलेली असते. आणि आमचे पुण्याचे नातेवाईक! आधी त्यांचा प्रश्न असायचा, ‘भोपाळला उतरायचं की हबीबगंजला?’ तो सुटला असं वाटत होतं, तोवर फोन आला, ‘अरे, तुझं हबीबगंज दिसतच नाही रे तिकिटावर, ही राणी कमलापती कुठे आली?’ आत्याला समजावलं, की आत्या, तेच ते. आत्या म्हणाली, ‘मग तू येच न्यायला.’

बाहेर जगात अशा बदलासाठी ३०१ आहे. ‘कायमचे स्थलांतर, नवा पत्ता सोबत दिला आहे.’ पण त्यात एक मेख आहे. मालासकट आलेल्या रिक्वेस्टला ३०१ दिला की कित्येक यंत्रं नव्या पत्त्यावर जातात खरी, पण हातातलं सामान जुन्या फलाटावर टाकून. म्हणून पुढे ३०८ आणावा लागला. त्याचा अर्थ तोच, फक्त ‘सामान सोबत न्या’ हे बजावून सांगितलेलं. शिवाय काही यंत्रं अशी पाटी वाचतच नाहीत.

यावर स्टेशनासमोरच्या रिक्षावाल्याकडे जुनाच तोडगा आहे. एकाला मी विचारलं, ‘राणी कमलापती चलोगे?’ त्याने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, ‘हबीबगंज ना? बैठो.’ उलट ‘हबीबगंज’ म्हणणाऱ्याला तो नाव सुधारायला सांगत नाही, नेऊन सोडतो राणी कमलापतीला. दोन्ही नावं घेणारा माणूस एकाच दाराशी उतरतो आणि कुणाचा पाणउतारा होत नाही. मीही तेच केलं. जुना पत्ता आला की त्याला परत न पाठवता गेटवेनेच आतल्या आत नव्या सर्व्हिसकडे न्यायचं, विचारणाऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. गंमत अशी, की साध्या मांडणीत एंजिनएक्स स्वतःच या बाबतीत जुन्या पिढीचं आहे. आतल्या मशीनचं नाव ते सुरू होतानाच एकदा विचारून घेतं आणि मिळालेला पत्ता धरून बसतं. मशीन दुसरीकडे हललं तरी ते आपलं जुन्याच घराची कडी वाजवत राहतं, कॉन्फिग पुन्हा वाचायला लावेपर्यंत.

आता लॉग बघितले की दिसतं, की नवं अ‍ॅप नव्या पत्त्याने येतं आणि जुन्या पत्त्यावर येणारे कमी होत चालले आहेत. एक मात्र नेमाने येतं. कुठल्याशा वितरकाचं यंत्र आहे, मध्यरात्रीनंतर येतं, दिवसभराचा साठा विचारतं आणि जातं. आमच्याकडच्या नव्या मुलीने विचारलं, ‘सर, याच्यासाठीच ठेवलीय ना ही ओळ? काढून टाकू? ४१० देऊ, कायमचं गेलं म्हणून.’ म्हटलं, आधी विचारून घे. तिने शोधून काढून फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आवृत्ती, पत्ता, गेटवे, सगळं. ते सॉफ्टवेअर बघणारे वर्माजी कधीच रिटायर झाले, मुलाकडे असतात, असं कळलं.

‘लेकिन अभी चल रहा है न?’ त्यांनी विचारलं.

‘जी, चल तो रहा है.’

‘तो हाथ मत लगाइए,’ बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.