ठळक अक्षरांतला आकडा

आमच्या आप्पांना "तब्येत छान दिसतेय हं!" असं म्हणायची सोय नाही. लगेच कापडी पिशवीतून फाइल निघते. तारीखवार लावलेले रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, ईसीजी आणि सगळ्यांत वर कुठल्याशा लॅबचं 'फुल बॉडी चेकअप'चं सवलतीचं पत्रक. गेल्या रिपोर्टात एमसीएचसी ठळक अक्षरांत छापून आलं, तेव्हापासून त्यांचा भात अर्ध्यावर आलाय. एमसीएचसी म्हणजे काय हे त्यांना कुणी विचारत नाही. विचारलं तर ते सांगतील, ही भीती.

खरं तर त्या ठळक अक्षरांची गंमत साधी आहे. बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा ठरवतानाच निरोगी माणसांपैकी मधली 95 टक्के तेवढी आत घेतात. उरलेली 5 टक्के धडधाकट असूनही बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा हुकण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या घरात जाते. आप्पांचं पॅकेज तर याहून कितीतरी मोठं. त्यात एकही आकडा ठळक आला नाही, तर मीच लॅब बदला म्हणेन.

डॉक्टर "काही झालेलं नाही" म्हणतात. आप्पा जिन्यापर्यंत खूश असतात. अर्धा जिना उतरला की, तसं म्हणताना डॉक्टर जरा अडखळले का, हा प्रश्न सुरू होतो. खाजेसारखंच हे, खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, मग दुप्पट सुटते. म्हणूनच मानसोपचारात अशा माणसाला पुन्हा पुन्हा दिलासा देत बसत नाहीत. दर तासाला नाडी बघणं, मोबाइलवर लक्षणं शोधणं, घरच्यांना विचारत राहणं, हे हळूहळू कमी करायला शिकवतात. भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली आणि रोजच्या जगण्यात आडवी येऊ लागली, तर तिच्यावरच उपचार करायचे असतात.

पण "मनाचे खेळ आहेत, आप्पा" असं म्हणणाऱ्या भाच्यांचा मला राग येतो. घाबरल्यावर छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, पोट बिघडतं. हे सगळं खरंच होतं. आप्पा चुकतात ते फक्त त्याचा अर्थ लावण्यात.

शिवाय फ्रेंच नाटककार मोलिएर आहेच. अशाच काल्पनिक रोग्यावर त्यानं प्रहसन लिहिलं आणि ती भूमिका स्वतः केली. तो मात्र खरोखर आजारी होता. 17 फेब्रुवारी 1673 रोजी, चौथ्या प्रयोगात त्याला रंगमंचावरच त्रास सुरू झाला. प्रयोग त्यानं रेटून नेला आणि काही तासांतच तो गेला.

तेव्हा भाचेमंडळींनो, आप्पा छातीत दुखतंय म्हणाले, तर आधी ईसीजी काढा. हसायचं ते नंतर.