किल्ला नसलेले फोर्ट कोची

केरळच्या किनाऱ्यावरील कोची हे बंदर नावे ठेवण्यात जितके उदार आहे, तितकेच त्या नावांना जागण्यात बेफिकीर आहे. महाराष्ट्रातून निघालेल्या प्रवाशाला याचा पहिला प्रत्यय तिकीट काढतानाच येतो, कारण कोकण रेल्वेमार्गे धावणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोचीला म्हणून त्याला जिथे उतरवते, त्या स्थानकाचे नाव एर्नाकुलम असते. एर्नाकुलम हा मुख्य भूमीवरचा, मॉल आणि मेट्रोचा भाग. जुने कोची पाण्यापलीकडे असून मध्ये पसरलेला असतो तो ‘कायल’, म्हणजे किनाऱ्याला समांतर साचलेले निमखारे पाणी, ज्याला पर्यटन खाते बॅकवॉटर म्हणते.

या घोळाचा आरंभ नदीने केला. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने उत्तरेकडचे मुझिरिस हे रोमन व्यापाऱ्यांच्या ओळखीचे बंदर गाळाने बुजवले आणि कोचीचे मुख मोकळे केले, असे परंपरेने मानले जाते. नदीने दुकान हलवल्यावर मिऱ्यांची गिऱ्हाइके मागोमाग आली. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिघांनी पाळीपाळीने येथे बस्तान मांडले, आधीच्याचे घर मोडले आणि दारावरची पाटी मात्र विसरून तशीच ठेवली. त्यामुळे फोर्ट कोचीत फोर्ट नाही: पोर्तुगिजांनी १५०३ साली बांधायला घेतलेला किल्ला डचांनी आणि मग इंग्रजांनी पाडून टाकला. मट्टनचेरीचा ‘डच पॅलेस’ पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला असून डचांनी त्याची केवळ डागडुजी केली, आणि डागडुजी करणाऱ्याचे नाव लागलेले पाहून कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाचा ऊर भरून यावा. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये कठडा घालून जपलेली वास्को द गामाची कबरही रिकामी आहे. १५२४ साली तो येथेच वारला आणि येथेच पुरला गेला, परंतु पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. तरीही प्रवासी कठड्यापाशी आवाज खाली आणतात.

चिनी जाळ्यांचे प्रकरण जरा विस्ताराने सांगण्याजोगे आहे. ‘चीनवला’, म्हणजे चिनी जाळे, हा काठावर रोवलेला लाकडी सांगाडा होय: पुढे पाण्यावर लांब वासे, त्यांच्या टोकांना ताणून बांधलेले जाळे, आणि मागे तोल सांभाळण्यासाठी दोरांना लटकवलेले मोठाले दगड. पाच-सहा माणसे दोर ओढतात, वासे कुरकुरतात, दगड एकेक करून खाली उतरतात, आणि पाण्यातून एखाद्या लग्नमंडपाएवढे जाळे निथळत वर येते. त्यात पाहावे तो मूठभर मासळी, बरीचशी जलपर्णी आणि एक प्लास्टिकची बाटली निघते. मासळीवर आधी कावळ्याचा आणि बगळ्याचा डोळा असतो, मग मालकाचा. खरे उत्पन्न निराळेच: दोर ओढून पाहण्याची हौस असलेला पाहुणा घाम गाळतो आणि वर बक्षिसी देतो, जी मजुरीची जगातील दुर्मिळ पद्धत म्हणावी लागेल. ही जाळी चिन्यांनी थेट आणली की पोर्तुगिजांनी मकाऊहून, यावर विद्वानांचे एकमत नाही.

विलिंग्डन बेट हे बेट खरे, पण मोठ्या प्रमाणात माणसाने केलेले. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा असल्याने मोठी जहाजे बाहेरच थांबत. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या दशकात तो कापायला घेतला आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभे राहिले. मुंबईकरांना क्लबामुळे ठाऊक असलेल्या विलिंग्डन लाटसाहेबांच्या नावे अशा रीतीने गाळही जमा आहे.

आसपासच्या मुलखात ‘पोक्काळी’ची शेते लागतात. पोक्काळी हे खारे पाणी सोसणारे उंच वाढीचे भात असून, पावसाने खार धुऊन निघाला की जून ते ऑक्टोबर ते पिकते. कापणीत वरच्या लोंब्याच काढतात, खाली उरलेले धसकट कुजते, आणि मग त्याच शेतात खारे पाणी घेऊन एप्रिलपर्यंत कोळंबी वाढवतात. एकाच खोलीत दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा भाडेकरू राहावा तसा हा मामला आहे, फरक इतकाच की हे दोघे एकमेकांच्या उष्ट्यावर खूश असतात.

मराठी वाचकाची खरी फजिती मट्टनचेरीत चेरलाई भागात होते, जेथे गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांची जुनी वस्ती आहे. मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तयार करवलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या लॅटिन ग्रंथात (अ‍ॅमस्टरडॅम, १६७८ ते १६९३) रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या येथल्याच तीन वैद्यांचे कोकणी निवेदन चक्क देवनागरीत छापलेले आहे. हे ठाऊक असलेला प्रवासी दारांवरील पै, शेणै, प्रभू वाचत मोठ्या आपुलकीने मराठीत पत्ता विचारतो. दुकानदार क्षणभर ऐकून घेतो, मग विचार करून अत्यंत सौजन्याने हिंदीत उत्तर देतो.