पिवळ्या रंगावर ब्रेक मोफत

पोर्शे 911 घेणाऱ्या माणसाला आयुष्यात फारसे प्रश्न उरलेले नसतात. म्हणून श्टुटगार्टची कंपनी त्याला एक प्रश्न काढून देते: ब्रेक स्टीलचे की सिरॅमिकचे? सिरॅमिक म्हणालात तर 911 च्या जीटी3 मॉडेलवर अमेरिकेत नऊ हजार डॉलरच्या वर मोजायचे. एवढ्यात आपल्याकडे एक अख्खी छोटी गाडी घरी येते, आणि तिलाही ब्रेक असतात.

स्टील म्हणायचं, असतं ते बीडच. सिरॅमिकची डिस्क मात्र खरोखर अफलातून वस्तू आहे. कार्बनचे तंतू, त्यात चौदाशे अंशांच्या वरच्या भट्टीत मुरवलेलं वितळलेलं सिलिकॉन. जीटी3 च्या पुढच्या चाकातली बिडाची डिस्क 408 मिलिमीटरची, सिरॅमिकची 410 ची. आकार जवळपास तोच, वजन मात्र निम्म्यावर. फिरत्या चाकातलं वजन एवढं उतरलं की स्टिअरिंगला ते कळतं. 2001 सालच्या 911 जीटी2 पासून पोर्शे हे देते आहे आणि त्यात खोट काढायला जागा नाही.

फक्त गाडी त्यामुळे लवकर थांबते, हा समज सोडा. पहिल्या कचकचीत ब्रेकला चाक लॉक होण्याच्या बेताला आणणं बिडालाही जमतं. पुढचं काम एबीएसचं आणि टायरच्या रबराचं. सिरॅमिकचा मोठेपणा कळतो दहाव्या, विसाव्या ब्रेकला. दीड टनाची गाडी ताशी दोनशेवरून शून्यावर आणली की जी उष्णता निघते, तिच्यात नळाचं आठेक लिटर पाणी उकळेल. हा खेळ दर वळणाला चालला, की बीड थकतं आणि सिरॅमिक तसंच चावत राहतं.

म्हणजे ही वस्तू ट्रॅकवाल्यांची. न्युर्बर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या फेरीवर गाडी पिळणाऱ्यांनी तर रांग लावून ती घ्यायला हवी. आणि नेमके त्यांच्यातलेच कित्येक जण ती नको म्हणतात! कारण ट्रॅकवर डिस्क आणि पॅड ही खाण्याची वस्तू. बिडाची खाल्ली, बदलली. सिरॅमिकची बदलायची तर बिल बघून माणूस जागीच थांबतो, ब्रेक न दाबता. शिवाय घसरून खडीत गेलात आणि एखादा खडा आत अडकला, किंवा चाक बदलताना घाईत रिम आपटली, तर डिस्कची कड उडते. फार तापवली तर आतला कार्बन हळूहळू जळतो. जाडी तेवढीच दिसते, वजन घटतं. म्हणून डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि मेकॅनिक ती उतरवून चक्क काट्यावर ठेवतो.

मग घेतं कोण? ज्यांची गाडी मुंबईच्या कोस्टल रोडवर ऐंशीच्या मर्यादेत, म्हणजे कॅमेरा असेल तिथे ऐंशीच्या मर्यादेत, पळते आणि वरळीला उतरली की रिक्षापेक्षाही हळू चालते, ते. तिथे सिरॅमिकला धड कोमट व्हायलाही वाव नाही. पावसात ओली डिस्क पहिल्या दाबाला किंचित उशिराच पकडते, ते वेगळंच.

पण थांबा, त्यांना एक गोष्ट नक्की मिळते. बिडाचे ब्रेक काळी भुकटी ओकतात आणि रविवारी धुतलेलं अलॉय बुधवारी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखं दिसतं. सिरॅमिकवाल्याचं चाक लखलखीत राहतं. शिवाय धुतल्यावर डिस्कला गंजही चढत नाही. वर्षानुवर्षं ब्रेक हा विभाग इंजिनिअरिंगचा मानला जात होता. तो बऱ्याच अंशी धुलाईचा आहे, हे पोर्शेनेच ओळखलं. 2017 च्या कायेन टर्बोवर कंपनीने बिडाच्याच डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर दिला, भुकटी नव्वद टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं सांगितलं, आणि डिस्कवर पॅड दाबणारे कॅलिपर मुद्दाम पांढरे रंगवले. बघा, मळत नाहीत!

रंगाचंही शास्त्र आहे. साध्या 911 चे कॅलिपर काळे, एस मॉडेलचे लाल, सिरॅमिकचे पिवळे. सिग्नलला शेजारच्या गाडीच्या चाकातून पिवळं चमकलं की जाणकारांच्या भुवया वर जातात. त्यामुळे बाजारात पिवळी प्लास्टिकची कॅलिपर कव्हरंही मिळतात, सेडानला डकवायला. आणि दुसऱ्या टोकाला असे गिऱ्हाईक आहेत जे सिरॅमिक घेतात आणि वर कॅलिपर काळे मागवतात. पिवळा फार भडक वाटतो म्हणे. कंपनी तोही पर्याय देते.

सगळ्यात शहाणे मात्र तिसरेच. नवी गाडी सिरॅमिकसकट घ्यायची, घरी आल्या आल्या त्या डिस्क उतरवून खोक्यात भरायच्या, बिडाच्या डिस्क बसवून ट्रॅकवर मनसोक्त झिजवायच्या. चार वर्षांनी गाडी विकायची वेळ आली की खोकं उघडायचं, सिरॅमिक परत चढवायचं, आणि जाहिरातीत लिहायचं: ब्रेक अगदी नव्यासारखे.