चौकट घेऊन निघालेले मूर्ख

मूर्खपणाची जाहीर स्तुती करायची तर ती गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांपासून सुरू करावी. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. शहाणा माणूस असता तर मोबदला घेऊन, नव्या गावठाणातला भूखंड ताब्यात घेऊन मोकळा झाला असता. ही माणसे पाणी बांधीत शिरेपर्यंत जुन्या घरातच राहिली. काही जण तर मोबदला उचलूनही हलले नाहीत. निघाले तेव्हा दाराची सागवानी चौकट, कवेलू, फाटे, जे निघाले ते बंडीत घालून घेऊन गेले. सरकारने पैसे दिल्यावर जुने लाकूड कशाला ओढायचे, असे लोक त्यांना विचारत होते.

मला हा मूर्खपणा फार मोलाचा वाटतो. मोजणीच्या कागदावर घर म्हणजे भिंती, छप्पर आणि चौरस मीटर. सपरीत बसून होणाऱ्या गप्पांना, सांदवाडीतल्या वांग्यांना, गोठ्यातल्या म्हशीला आणि रात्री पोर तापाने फणफणले की एका हाकेवर धावून येणाऱ्या शेजारणीला त्यात रकाना नाही. भूखंडावर घर बसते, गोठा बसत नाही. मग म्हैस विकावी लागते आणि लेकरांच्या ताटातले दूध जाते. आरोग्य असे घरातूनच खचत जाते.

जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सेर्निया यांनी विस्थापनाचे आठ धोके सांगितले. त्यांत बेघर होणे आहे, वाढते आजारपण आहे आणि नात्यागोत्याची, शेजाराची वीण उसवणेही आहे. आमच्या खेड्यातल्या म्हातारीने चौकट सोडली नाही, ती हे कुठेही न वाचता.

दुसरे मूर्ख म्हणजे वाढीव कुटुंबे. प्रकल्प इतका लांबला की यादीतली पोरे बाप झाली. ज्यांना वेगळा भूखंड मिळाला नाही, त्यांतले कितीतरी जण भंडाऱ्यात, नागपुरात भाड्याच्या एका खोलीत राहतात. करार अकरा महिन्यांचा. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचे. तरीही मतदान गावचे, रेशनकार्ड गावचे, पोळा आणि मंडई गावची, आणि अंथरूण धरले की गाडीही गावचीच. हिशेबी माणूस याला खुळेपणा म्हणेल. पण खोलीत पाठ टेकता येते, आधार गावातच मिळतो. हे ज्याला कळले तो माझ्या लेखी शहाण्यांहून शहाणा.

त्या गावात आता काय उरले आहे, तेही बघा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि धरणाच्या फुगवट्यात साचते. ज्यांनी धरणासाठी गाव दिले, त्यांच्या काठाला हे पाणी.

पुनर्वसित गावठाणात 18 नागरी सुविधा देण्याचे ठरले होते. जिल्हा प्रशासनाने त्या प्रत्येक गावठाणात जाऊन, गावकऱ्यांसमोर एकेक तपासाव्यात. प्यायच्या पाण्याची तपासणी दर महिन्याला करून निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. आणि वाढीव कुटुंबांना भूखंड द्यावा, नवरा-बायको दोघांच्या नावाने.