फाईलला लावला

(दंत महाविद्यालयातली खुर्ची. काका बांधकाम खात्यात, निवृत्तीला दोन वर्षं. डॉक्टरीण एमडीएसला, प्रबंध द्यायला दोन महिने. घाई अर्थातच एकालाच.)

डॉक्टरीण : काका, आ करा. दुखणार नाही, नुसती कागदाची पट्टी आहे.

काका : कागदाला घाबरलो असतो तर नोकरी झाली असती का? कुठे लावताय?

डॉक्टरीण : सुळा आणि हिरडीच्या फटीत. तीस सेकंद. तिथे पाणी पाझरतं, ते टिपायचं.

काका : (कापसाच्या बोळ्यांतून) किती पाणी?

डॉक्टरीण : एक मायक्रोलिटरही नाही. थेंबाचे पन्नास भाग केले, तर त्यातला एकसुद्धा नाही.

काका : एवढ्यावर प्रबंध! आमच्याकडे अख्खं धरण पाझरलं, तरी टिपणी एक पानाची.

डॉक्टरीण : पण सगळी बातमी त्या पाझरातच असते. तारेने ओढलेला सुळा महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. त्यासाठी जिकडे जायचं तिकडचं हाड कोरायचं आणि मागे सुटलेली जागा भरायची.

काका : खोदणारे वेगळे, बुजवणारे वेगळे?

डॉक्टरीण : पेशीच वेगळ्या.

काका : आणि खोदायचा हुकूम कोणाचा?

डॉक्टरीण : रँकल नावाचं प्रथिन आहे. ते पोचलं की खोदणाऱ्या पेशी तयार होतात. पण ऑस्टिओप्रोटेजेरिन म्हणून दुसरं एक असतं, ते रँकलला वाटेतच धरून ठेवतं.

काका : ओळखलं! आवक-जावकवाला! आमच्याकडे होता असा. वर्क ऑर्डर त्याच्या ड्रॉवरमध्ये. त्याच्यामुळे कितीतरी चांगले रस्ते वाचले.

डॉक्टरीण : बोलू नका हो! लागली लाळ. लाळ लागली की पट्टी बाद, रक्त लागलं तरी बाद.

(दुसरी पट्टी. डॉक्टरणीची नजर घड्याळावर, काकांची छताच्या ओलीवर.)

काका : उजव्या सुळ्याला कशाला? त्याची तार तर ओढलेली नाही.

डॉक्टरीण : तो तुलनेला. जागचा हलत नाही.

काका : असतात असे. वेळेवर बढती घेतात.

डॉक्टरीण : सकाळी ब्रश केलात ना नीट? हिरडी सुजली तरी इंटरल्यूकिन-वन-बीटा वाढतं. मग ते तारेमुळे की दातांत अडकलेल्या पोह्यांमुळे, मला कसं कळणार?

काका : खड्डा कामामुळे की पावसामुळे, तसंच. आम्हालाही कळत नाही. बिल मात्र निघतं.

डॉक्टरीण : तार आवळून चोवीस तास झाले, आता इंटरल्यूकिन चढलेलं असतं, म्हणून आज बोलावलं. रात्री दुखलं?

काका : वरणभात चावेना! शेवटी हिच्या गुडघ्याची गोळी घेतली.

डॉक्टरीण : कुठली?

काका : आयब्युप्रोफेन. काय झोप लागली म्हणता!

डॉक्टरीण : (पट्टी खाली ठेवत) काका, ती गोळी प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. मला तर तेही मोजायचं होतं. दुखलं तर पॅरासिटामॉलच घ्या, असं लिहून दिलं होतं ना? कागद मिळाला नाही?

काका : मिळाला की.

डॉक्टरीण : मग?

काका : फाईलला लावला.